चुलीचा धूर, छातीचा सीटी आणि संगणकाचा डोळा

कोविडच्या काळात, म्हणजे २०२० आणि २०२१ साली, आपल्या भागात माणसे भेटली की राम राम घालायच्या आधी ‘स्कोअर किती आला?’ असे विचारायची. पंचवीसपैकी आठ आला तर हायसे वाटायचे, अठरा आला की घरात रडारड सुरू व्हायची. छातीचा सीटी स्कॅन हा शब्द त्या दोन वर्षांत वाडी-तांड्यापर्यंत पोचला. तो आकडा काढतात कसा, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही. आपल्या उजव्या फुफ्फुसाचे तीन आणि डाव्याचे दोन असे पाच खंड असतात. क्ष-किरणतज्ज्ञ एकेक खंड नजरेखालून घालीत, त्याचा किती भाग बिघडला आहे याचा अंदाज बांधीत आणि शून्य ते पाच यांमध्ये गुण देत. पाचही खंडांची बेरीज म्हणजे तुमचा स्कोअर. अंदाज अनुभवी माणसाचा असला तरी तो अंदाजच. त्याच चित्रांना दुसऱ्या डॉक्टरांनी एक-दोन गुण कमी-जास्त दिले असते तर ती त्यांची चूक म्हणता आली नसती.

हे आज आठवायचे कारण असे की, गेल्या महिन्यात कंधार तालुक्यातील एका खेड्यातून माझ्या जुन्या रुग्ण असलेल्या एक मावशी दवाखान्यात आल्या. वय साठीच्या आत-बाहेर. सोबत मुलगा आणि मुलाच्या हातात साडीच्या दुकानाची पिशवी. पिशवीत बारा-तेरा वर्षांचे छातीचे फोटो, रक्ताच्या तपासणीचे कागद आणि आठ दिवसांपूर्वी काढलेल्या सीटीच्या मोठ्या काळ्या फिल्म. मुलगा शिकलेला आहे, लातूरला एका डाळ मिलमध्ये हिशेब बघतो. त्याने फिल्म खिडकीच्या उजेडात धरून मोबाईलने तिचा फोटो काढला होता आणि मोबाईलमधल्याच एका ॲपला तो दाखवून ‘हे काय आहे?’ असे विचारले होते. उत्तर आले ते असे : जुना क्षय, फुफ्फुस आखडणे किंवा कर्करोग, यांपैकी काहीही असू शकते, तज्ज्ञांना भेटा. त्या रात्री घरात कोणी जेवले नाही.

‘डॉक्टरसाहेब,’ मुलगा म्हणाला, ‘वाचलं की आता कॉम्प्युटर सीटी बघून डॉक्टरपेक्षा बारीक सांगतो म्हणून. आईचं त्याला दाखवता येतंय का?’

मावशी मधेच म्हणाल्या, ‘मला काय बी झालं नाही बघा. चढावर दम लागायलाय, तेवढंच.’

मुलाचा प्रश्न चांगला होता. दवाखान्याच्या गर्दीत त्याचे उत्तर पुरते देता आले नाही. वाचकहो, तेच आज येथे सविस्तर देतो.

दम का लागतो?

आपली श्वासनळी म्हणजे उलटे धरलेले झाड समजा. खोड एक, त्याच्या दोन फांद्या, त्या प्रत्येकीच्या पुन्हा दोन, अशा सुमारे तेवीस वेळा फांद्या फुटत जातात. टोकाच्या डहाळ्या दोन मिलिमीटरहूनही बारीक असतात आणि त्यांच्या पुढे वायुकोशांचे, म्हणजे हवेच्या इवल्या फुग्यांचे घोस लटकलेले असतात. असे फुगे दोन्ही फुफ्फुसांत मिळून तीस कोटींहून अधिक. वर्षानुवर्षे धूर, धूळ किंवा तंबाखू छातीत जात राहिली की दोन प्रकारची नासधूस होते. एक तर फुग्यांच्या भिंती झिजतात आणि चार लहान फुग्यांचा एक मोठा, ढिला फुगा होतो. दुसरे म्हणजे बारीक डहाळ्या सुजतात, आखडतात, बेडक्याने बुजतात. परिणाम दोन्हींचा एकच. हवा आत जाते, पण बाहेर पडताना अडते. रुग्ण म्हणतो श्वास घेता येत नाही. खरे तर त्याला सोडता येत नसतो. जुनी हवाच आत कोंडून राहिली तर नव्या हवेला जागा कोठून मिळणार?

या आजाराला आम्ही सीओपीडी म्हणतो. लोक सरसकट ‘दमा’ म्हणतात. पण दम्यात अडथळा येतो आणि जातो, मधल्या काळात माणूस ठणठणीत असतो. सीओपीडीत अडथळा मुक्कामालाच येतो आणि हळूहळू पाय पसरतो. २०१८ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात आपल्या देशाचा जो हिशेब आला, त्यात २०१६ मध्ये भारतात सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचे दिले होते. १९९० मध्ये हीच संख्या पावणेतीन-तीन कोटींच्या दरम्यान होती. या आजाराच्या भारापैकी निम्म्याहून थोडा अधिक वाटा दूषित हवेचा, त्यात घरातला धूरही आला, आणि साधारण चौथाई वाटा तंबाखूचा. म्हणजे हा ‘बिडी ओढणाऱ्या म्हाताऱ्यांचा रोग’ ही आमची शिकताना झालेली समजूत आपल्या देशापुरती तरी अर्धवटच होती.

आता अडचण अशी आहे की, दोन रुग्णांची श्वासाची ताकद अगदी सारखी असली तरी आतली नासधूस वेगळी असू शकते. एकाचे फुगे फाटलेले, दुसऱ्याच्या डहाळ्या बुजलेल्या. छातीच्या साध्या फोटोत यातले सुरुवातीचे काहीच दिसत नाही. सीटीत पुष्कळ दिसते, पण तेही पाहणाऱ्याला मोजता आले तर.

सीटी म्हणजे आकड्यांची वही

सीटीचे चित्र हा फोटो नव्हे, हे समजले की पुढचे सोपे होते. ब्रिटनच्या ईएमआय कंपनीतील अभियंता गॉडफ्रे हाउन्सफिल्ड याने हे यंत्र तयार केले आणि १९७१ साली लंडनच्या एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. १९७९ मध्ये त्याला ॲलन कॉरमॅक या शास्त्रज्ञाबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. या यंत्रात शरीराच्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडा मिळतो. पाण्याला शून्य, हवेला उणे एक हजार, हाडाला काही शे अधिक. चित्रातला काळा-करडा रंग ही त्या आकड्यांना नंतर चढवलेली रंगसफेदी आहे. छातीच्या एका कापात ५१२ गुणिले ५१२ ठिपके असतात. चारशे काप धरले तर दहा कोटींहून अधिक आकडे झाले. तज्ज्ञ कितीही हुशार असला तरी दहा कोटी आकडे वाचू शकत नाही. तो चित्र पाहतो आणि कोविडच्या स्कोअरसारखा अंदाज बांधतो.

संगणक मात्र आकडे मोजू शकतो. १९८८ सालीच कॅनडातील संशोधकांनी एक युक्ती केली होती. एका ठरावीक आकड्याच्या खालचे, म्हणजे जवळजवळ निव्वळ हवाच असलेले सगळे ठिपके वेगळे दाखवायचे आणि मोजायचे. जिथे फुग्यांच्या भिंती झिजल्या तिथे हवाच उरते, तेव्हा असे ठिपके जितके अधिक तितकी झीज अधिक. पुढे पूर्ण श्वास भरून घेतलेल्या सीटीसाठी उणे ९५० ही रेघ संशोधनात रूढ झाली. बारीक डहाळ्या सीटीत थेट दिसत नाहीत, कारण त्या फारच लहान असतात. त्यासाठी दुसरी युक्ती. एक सीटी श्वास भरून, दुसरा श्वास सोडून. निरोगी फुफ्फुस श्वास सोडल्यावर दाटते. जिथे डहाळी बुजली आहे तिथला भाग फुगलेलाच राहतो. २०१२ साली अमेरिकेतील मिशिगनच्या संशोधकांनी ही दोन्ही चित्रे संगणकाने ठिपक्यावर ठिपका जुळवून एकमेकांवर ठेवली. त्यातून झिजलेला भाग कोणता आणि नुसती हवा कोंडलेला भाग कोणता, हे वेगळे रंगवून दाखवता आले. ही साधी गोष्ट नाही. फाटलेला फुगा पुन्हा शिवता येत नाही, पण सुजलेल्या डहाळीवर औषध चालण्याची काही तरी आशा असते.

इथपर्यंत संगणक सांगितलेलेच काम करीत होता. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात ती यापुढची पायरी. ती समजण्यासाठी मी त्या मुलाला त्याच्याच मिलमधले उदाहरण दिले. लातूरच्या डाळ मिलमध्ये सॉर्टेक्स यंत्र असते. वरून डाळ पडत असते, कॅमेरा दाणा न् दाणा बघतो आणि डागी दाणा दिसला की हवेच्या फुंकरीने उडवून लावतो. पूर्वी हे काम सुपात डाळ घेऊन बायका करीत. ‘चांगला दाणा म्हणजे काय’ हे त्या यंत्राला आधी दाखवून पक्के करून घ्यावे लागते. सीटी वाचणाऱ्या संगणकाचेही तसेच आहे. कोणता आकडा वाईट हे त्याला कोणी सांगत नाही. हजारो माणसांचे सीटी आणि त्या प्रत्येकाचे पुढे काय झाले याची नोंद त्याच्यासमोर ठेवतात. कोणाला सीओपीडी निघाला, कोण वारंवार धापेने दवाखान्यात भरती झाला, कोण दगावला. त्यातल्या खाणाखुणा संगणक आपल्या आपण शोधतो.

अमेरिकेत २००७-०८ पासून सीओपीडीजीन नावाचा मोठा अभ्यास चालू झाला. त्यात दहा हजारांहून अधिक लोकांचे सीटी काढून त्यांच्यावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले गेले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात यांतील ७,९८३ लोकांच्या सीटीवर संगणकाला शिकवले आणि मग त्याने कधीही न पाहिलेल्या लोकांचे सीटी त्याला दिले. दुसऱ्या एका अभ्यासातील १,६७२ जणांवरही त्याची परीक्षा घेतली. कोणाला सीओपीडी आहे हे त्याने बऱ्यापैकी ओळखले, पुढे कोणाला धोका आहे याचाही अंदाज दिला, पण तो तितका पक्का नव्हता. याच सीओपीडीजीनच्या सीटींवरून २०२३ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्यांच्या मोठ्या आणि मध्यम श्वासनलिका बेडक्याच्या गुठळ्यांनी बुजलेल्या होत्या, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक होते. गंमत अशी की त्या गुठळ्या माणसांनीच डोळे ताणून मोजल्या होत्या. आता हेच काम संगणकाला शिकवण्याचे प्रयत्न चालू आहेत. श्वासनलिकांचे झाड फांदी-फांदीने आखून त्यांच्या भिंतींची जाडी मोजणे, हेही तो करतो. माणसाला हे करायला दिवस लागतील आणि शेवटी कंटाळा येऊन चुका होतील.

यंत्राने मावशींना पाहिलेच नाही

आता मुद्द्याचे बोलतो. सीओपीडीजीनमध्ये कोण होते? ४५ ते ८० वयाचे अमेरिकन गोरे आणि कृष्णवर्णीय लोक. आणि तुलनेसाठी घेतलेले थोडे निरोगी लोक सोडले तर सगळ्यांना अट अशी की, रोज एक पाकीट या हिशेबाने किमान दहा वर्षे होईल इतकी तरी सिगारेट ओढलेली असावी. आमच्या मावशींनी आयुष्यात बिडी शिवली नाही. सातव्या-आठव्या वर्षापासून चुलीपुढे बसल्या. तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या, पावसाळ्यात ओली बाभूळ. खोलीला एक दार आणि छपराला एक धुराडे, तेही पावसात पोत्याने झाकलेले. दोन्ही वेळच्या भाकरी धरल्या तर रोज तीन-चार तास. हिवाळ्यात लेकरू मांडीवर घेऊन तिथेच. त्या अभ्यासाच्या दारातूनच त्यांना परत पाठवले असते.

तुरीसाठी बसवलेल्या सॉर्टेक्सवर हरभऱ्याची डाळ सोडली तर काय होईल, असे मी मुलाला विचारले. तो हसला. म्हणाला, ‘चांगला मालच उडवून लावील.’

हा नुसता तर्क नाही. चुलीच्या धुराने होणारी नासधूस वेगळी असते, हे आपल्या महाराष्ट्रातच दाखवले गेले आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले की, जगातल्या सीओपीडीच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेले नसते. मग पुण्यातील या संस्थेने, केईएम रुग्णालयाच्या वढू येथील ग्रामीण केंद्रातील सहकाऱ्यांना बरोबर घेऊन, धूम्रपान करणारे आणि न करणारे असे सीओपीडीचे दोन्ही प्रकारचे रुग्ण शेजारी शेजारी ठेवून तपासले. फुंकीच्या तपासण्या केल्या, सीटीही पाहिले. निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. न ओढणाऱ्यांमध्ये फुग्यांची झीज कमी आणि बारीक डहाळ्यांचा अडथळा जास्त आढळला. त्यांची श्वासाची ताकद वर्षागणिक घटण्याचा वेगही कमी होता. मेक्सिकोतील बायकांवरच्या २०१४ सालच्या अभ्यासातही असेच दिसले. सिगारेट ओढणाऱ्या बायकांत झीज अधिक, तर चुलीपुढच्या बायकांत हवा कोंडण्याचे प्रमाण अधिक. म्हणजे ज्या यंत्राला ‘झीज दिसली तर आजार’ एवढेच सिगारेटवाल्यांवरून पाठ झाले आहे, ते आपल्या बायकांचा सीटी पाहून ‘फारसे काही नाही’ म्हणून मोकळे होण्याचा धोका आहे.

दुसरी भानगड क्षयाची. आपल्याकडे बरा झालेला क्षयसुद्धा फुफ्फुसात व्रण ठेवून जातो, श्वासनलिका ओढल्या जातात, सैल पडतात, त्यांत बेडका साचतो. श्वासनलिका अशा सैल पडण्याच्या विकाराची भारतातील ३१ केंद्रांवरची, २,१९५ रुग्णांची नोंद २०१९ साली प्रसिद्ध झाली. त्यात एक-तृतीयांशाहून अधिक रुग्णांत मूळ कारण जुना क्षय हे निघाले. युरोपातील रुग्णांत हे कारण इतके आढळत नाही. चुलीचा धूर, जुना क्षय आणि जोडीला मिश्री, हे सगळे एकाच छातीत असणे ही आपल्याकडची रोजची गोष्ट. अमेरिकेत शिकलेल्या संगणकाने असली छाती क्वचितच पाहिलेली असते.

मग संगणक आपल्या कामाचाच नाही का? तसे मुळीच नाही. योग्य शिकवले तर तो काय करू शकतो, याचे उदाहरण क्षयाच्याच बाबतीत आहे. छातीचा साधा फोटो वाचून क्षयाचा संशय सांगणाऱ्या संगणक प्रणाली गेल्या काही वर्षांत आल्या. त्यांतली एक मुंबईत २०१६ साली सुरू झालेल्या क्युअर डॉट एआय या कंपनीची आहे. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, पंधरा वर्षांवरील लोकांच्या क्षय-चाचपणीत फोटो वाचायला माणसाऐवजी अशी प्रणाली वापरता येईल, असे मान्य केले. डिसेंबर २०२४ मध्ये देशात जी शंभर दिवसांची क्षयमोहीम सुरू झाली, तीत हातात धरून नेता येणारी क्ष-किरण यंत्रे आणि जोडीला असा संगणक वापरला गेला. तिथे प्रश्न एकच असतो : संशय आहे की नाही? असेल तर थुंकी तपासायची. शेवटचा शब्द संगणकाचा नसतो, तपासणीचा असतो. सीओपीडीच्या सीटीचे काम याहून अवघड आहे आणि ते आजही मुख्यतः संशोधनाच्या टप्प्यावर आहे.

माझ्या हातचे अक्षर

आता पिशवीतल्या जुन्या कागदांविषयी. ते चाळताना २०१३ सालचा माझाच एक कागद निघाला. मावशींना तेव्हाही खोकला होता, दम होता, वजन उतरले होते. फोटोत उजवीकडे वर एक डाग होता. थुंकीत जंतू सापडले नाहीत. तरी मी सहा महिने क्षयाची औषधे दिली आणि कागदावर स्वतःच्या हाताने ‘जुना टीबी’ असे लिहिले. डाग तसाच राहिला, खोकला तसाच राहिला. त्यानंतर त्या जेव्हा जेव्हा आल्या तेव्हा मी तो शब्द वाचला आणि खोकल्याचे औषध, कधी प्रतिजैविक देऊन परत पाठवले. आम्हा डॉक्टर लोकांची ही खोड आहे. एकदा लिहिलेले निदान सहसा पुन्हा तपासले जात नाही. स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकीची तपासणी करणारे यंत्र मी २०१७ मध्ये घेतले. मावशींना त्यात फुंकायला मी एकदाही सांगितले नाही. जन्मभर फुंकणीने चूल फुंकणाऱ्या बाईला!

हे येथे लिहिण्याचे कारण पश्चात्ताप एवढेच नाही. संगणकाला शिकवताना सीटीबरोबर जी नोंद ठेवतात, ती नोंद माझ्यासारखाच कोणीतरी डॉक्टर लिहितो. मावशींचा सीटी उद्या कोणी शिकवणीसाठी घेतला असता तर त्यावर ‘जुना टीबी’ अशी चिठ्ठी लागली असती आणि संगणकाने माझी चूक इमानेइतबारे पाठ केली असती. नंतर ती हजार ठिकाणी पुन्हा केली असती, तीही न दमता. आपल्या नांदेड-लातूरकडच्या, बीड-परभणीकडच्या छात्या या कामात यायला हव्यात, असे माझे ठाम मत आहे. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत असे रुग्ण रोज येतात. पण प्रत्येक सीटीच्या शेजारी फुंकीचा खरा आकडा, घरात काय जाळतात याची नोंद आणि थुंकीचा खरा निकाल हवा. नाही तर नुसती चित्रे गोळा करून काही हाती लागणार नाही.

मुलाला मी काय सांगितले ते थोडक्यात देतो, कारण असे प्रश्न आता पुष्कळ लोक विचारतात. फिल्मचा मोबाईलने काढलेला फोटो संगणकाला दाखवणे म्हणजे वहीच्या पुठ्ठ्याचा फोटो दाखवून आतला हिशेब विचारणे. त्या फोटोत मूळ आकडे उरलेलेच नसतात आणि शेकडो कापांपैकी निवडक कापच फिल्मवर छापलेले असतात. सीटी काढला तर त्याची मूळ सीडी किंवा संगणकातली प्रत मागून घ्या आणि जपून ठेवा. पुढे कधी तज्ज्ञाला तुलना करायची झाली तर तीच कामाला येते. आणि दम लागतो म्हणून आपल्या मनाने सीटी काढायला पळू नका. साध्या फोटोच्या पन्नास-साठ पट किरणे एका नेहमीच्या सीटीत अंगावर येऊ शकतात. गाठ, व्रण, श्वासनलिका सैल पडणे असा संशय असेल, तर सीटी हवाच. त्याला घाबरूही नका. पण सीओपीडी आहे की नाही, हे ठरते फुंकीच्या तपासणीवर. पूर्ण छाती भरून जोरात फुंकायचे. बाहेर पडणाऱ्या एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात किती पडली हे यंत्र मोजते. श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध देऊनही ती शंभरात सत्तरपेक्षा कमी असेल, तर अडथळा कायमचा आहे. सुई नाही, किरणे नाहीत, दहा-पंधरा मिनिटांचे काम. चाळिशी उलटलेली, चुलीपुढे किंवा जिनिंगच्या धुळीत आयुष्य काढलेली, अंगणातून घरात येताना दोनदा थांबणारी माणसे तुमच्या घरात असतील, तर ती ‘वयामुळे दमतात’ असे समजू नका. एकदा फुंकून घ्या.

मावशींना त्याच दिवशी फुंकायला बसवले. पहिल्या दोन वेळा त्या हसल्या, नळी दातांत धरून बोलू लागल्या. तिसऱ्या वेळी जमले. शंभर भाग हवेपैकी पहिल्या सेकंदात बावन्न. औषध देऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकले, चौपन्न. सीटीचा अहवाल मी क्ष-किरणतज्ज्ञांशी फोनवर बोलून समजून घेतला. गाठ नाही, उजवीकडे वर एक लहान जुना व्रण आणि खालच्या बाजूला ठिकठिकाणी हवा कोंडलेली. तो व्रण कधीकाळी आपोआप बरा झालेल्या क्षयाचा असेलही. पण दम त्याचा नव्हता.

पंपाचे नाव काढताच मावशींनी मान फिरवली. ‘पंप लागला म्हणजे माणूस कामातून गेलं,’ असे त्यांच्या जावेने सांगितलेले. ही समजूत काढायला मला सीटी समजावण्यापेक्षा जास्त वेळ लागला. दमाच्या साध्या गोळीत जेवढे औषध असते, त्याच्या विसाव्या ते चाळिसाव्या भागाएवढेच औषध पंपाच्या एक-दोन दाबांत असते. ते थेट छातीत उतरते, म्हणून हातपाय थरथरणे आणि छातीत धडधड हा त्रास कमी. पंप नळकांड्यातून, म्हणजे स्पेसर लावून घ्यायला शिकवले. दुसऱ्या खेपेला मुलाला म्हटले, आता तू शिकव मला. त्याने आईकडून बरोबर करून घेतले.

चुलीचे काय, हा प्रश्न राहिला. घरात गॅस आहे. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, त्यानंतर दोन वर्षांनी त्यांना मिळाला. चहा आणि भाजी त्याच्यावर होते. ‘गॅसवरची भाकर गोड लागत न्हाई,’ मावशी म्हणाल्या, ‘आन् टाकी महिना पुरवायची का भाकरीत घालायची?’ टाकीच्या भावाचे माझ्याकडे काही औषध नाही. मुलाने एवढे कबूल केले की चूल घरातून काढून अंगणात, गोठ्याच्या वाऱ्याच्या बाजूला मांडीन आणि भाकरी सून करील. मग मी विचारले, सुनेचे वय किती? सव्वीस. ओट्याएवढी उंच चूल मांडा, वर पत्रा आणि चारी बाजू मोकळ्या ठेवा, लाकूड वाळलेले वापरा, असे सांगितले आणि पुढच्या खेपेला सुनेलाही फुंकायला घेऊन या म्हटले. पोळ्यानंतर येतो म्हणाले आहेत.